वेरूळचे विहार आणि नागसेनवनातील वसतिगृहे

वेरूळास जाणारा आपला ज्ञातिबांधव बहुधा दोनच ठिकाणी माथा टेकवितो. एक घृष्णेश्वराच्या मंदिरात आणि दुसरे दहाव्या लेण्यात. हे दहावे लेणे म्हणजे विश्वकर्म्याचे लेणे. 'सुतार का झोपडा' हे त्याचे जुने लोकनाम. आतील चैत्यगृहाच्या छताला दगडातच अशा कमानदार फासळ्या कोरल्या आहेत की, वासे आणि तुळया बसविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्या माणसास पाषाणात आपलाच धंदा दिसावा. स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेली भव्य मूर्ती वस्तुतः भगवान बुद्धाची असून हातांची मुद्रा धर्मोपदेशाची आहे. परंतु एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटास लागलेली पाहून, काम करिता करिता बोट कापून घेतलेला हा आपला आद्य कारागीर विश्वकर्माच होय, अशी समजूत रूढ झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लेणी पाहण्यास आलेल्या युरोपीय प्रवाशांनीही ती ऐकली होती. शिकविणाऱ्याच्या हातात आमच्या पूर्वजांस दुखावलेले बोट दिसले, यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्या वाट्यास शाळा आली नाही, त्याने हाताच्या खुणेचा अर्थ स्वतःच्या हातावरूनच लावावयाचा.

दहाव्या लेण्यातून बाहेर पडलेला यात्रेकरू सहसा कैलासाकडे वळतो. थोडे उलट दिशेस, दक्षिणेच्या अंगास गेल्यास पाचवे लेणे लागते. तिकडे फारसे कोणी जात नाही. शंभर फुटांहून अधिक खोल असा हा विहार आहे. चोवीस स्तंभ, भोवताली भिक्षूंच्या खोल्या, आणि मधोमध लांबच्या लांब जाणारे दोन बुटके दगडी बाक. या बाकांवर भिक्षूंची जेवणाची पंगत बसे की पाठाची बैठक, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आम्हांस हा मतभेदच मोठा अर्थपूर्ण वाटतो. ज्यांनी हा विहार खोदविला त्यांनी अन्न आणि अध्ययन यांची व्यवस्था एवढी एकत्र केली की, तेरा शतकांनंतर पाहणाऱ्यास ती वेगळी करता येऊ नये! याच लेण्यास पुढे लोक 'महारवाडा' म्हणू लागले. पावसाळ्यात आसऱ्यास येऊन राहणाऱ्या कुटुंबांवरून ते नाव पडले, असे सांगतात. एके काळी विद्येचे निवासस्थान असलेली जागा पुढे ज्यांना विद्येपासून दूर ठेवले त्यांच्या नावाने ओळखली जावी, हा योगायोग मनात घोळत राहतो.

प्रस्तुत लेखाचा विषय लेणी हा नव्हे. गरीब व उपेक्षित घरांतील मुलास महाविद्यालयात नुसता प्रवेश मिळाल्याने काय साधते, आणि तो तेथे टिकावा म्हणून राहणे, जेवणे, मार्गदर्शन यांची जी साह्यव्यवस्था उभारावी लागते तिचे मोजमाप कसे करावे, याचा विचार मराठवाड्याच्या इतिहासाच्या आधारे करावा, एवढाच आमचा हेतू आहे. स्मरणिकेच्या पानांत हा विचार मांडण्याचे कारण असे की, ज्ञातिसंस्थांच्या सभांत शिक्षणावर भाषणे पुष्कळ होतात, हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

प्रथम आपल्या घरचे पाहू. बारा बलुत्यांत सुताराचे स्थान पहिल्या ओळीचे. नांगर, कुळव, तिफण, गाडीची चाके, घराची चौकट, यांवाचून गाव चालत नसे. आणि त्याबद्दल खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. विसाव्या शतकाच्या आरंभी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. पुढे रबरी टायरची बैलगाडी आली, मग ट्रॅक्टर आला, घरांस लोखंडी चौकटी बसू लागल्या. रंधा आणि पटाशी यांचे गावातील मोल उतरले, बलुते आटले, आणि ज्याच्या नावे शेत नाही अशा सुताराच्या मुलापुढे शहरातील फर्निचरचे दुकान किंवा महाविद्यालय असे दोनच मार्ग उरले. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांच्या कारागिरांस प्रशिक्षण, पंधरा हजार रुपयांपर्यंत अवजारांचे साह्य आणि अल्प व्याजाचे कर्ज ठेवले आहे. ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु धंद्यात राहणाऱ्या बापास मिळणारे साह्य वेगळे, आणि धंद्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या मुलास लागणारे वेगळे. या दुसऱ्या साह्याचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात घडला आहे, आणि तो घडविणारे हात बहुतांशी आपल्या ज्ञातीचे नव्हते, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्याची स्थिती दुहेरी अडचणीची होती. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरची भाषा मराठी. औरंगाबादेस १९२३ साली इंटरमीजिएट कॉलेज निघाले, परंतु पदवीचे शिक्षण घ्यावयाचे तर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे, नाही तर पुणे-नागपूर गाठावे लागे. ज्याच्या घरी जमीन-जुमला किंवा सरकारी नोकरी, त्याच्या मुलास हा प्रवास साधे. बलुतेदाराच्या मुलास गाडीभाडेच जड, मग परगावी चार वर्षे राहावयाचे कोणाच्या आधारावर? शिक्षणाची दारे कायद्याने बंद नव्हती, हे खरे. परंतु दारापर्यंत जाण्याचा आणि दाराच्या आत राहण्याचा खर्च हाच त्या काळचा खरा अडसर होता.

हा अडसर सर्वांत आधी कोणी नेमका ओळखला असेल तर तो कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. त्यांचा पहिला प्रयत्न १८९६ सालचा. सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढले. परंतु थोड्याच काळात ते एका ब्राह्मण जातीच्या विद्यार्थ्यांपुरतेच उरले. महाराजांनी त्यावर कोणास दोष देत बसण्यापेक्षा १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले, आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, शिंपी, पांचाळ, दैवज्ञ अशा एकेका समाजाची वसतिगृहे निघत गेली. १९०८ सालचे मिस क्लार्क बोर्डिंग हे अस्पृश्य मुलांसाठी होते. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नव्हे. ज्ञातिवार वसतिगृहे काढल्याने जातिभेद वाढेल, असा आक्षेप तेव्हाही होता. त्या आक्षेपात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. तथापि १८९६ चा अनुभव डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे महाराजांचा मार्ग समजतो. सर्वांसाठी उघडलेले दार सर्वांना सारखेच उघडे असते असे नाही; त्यातून कोण आत आला आणि कोण बाहेर राहिला, हे कोणीतरी मोजावे लागते. महाराजांनी ते मोजले, आणि मोजल्यावर धोरण बदलले. मूल्यमापन या शब्दाचा एवढा साधा आणि एवढा धाडसी अर्थ पुढे फार थोड्यांनी घेतला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हीच कल्पना दुसऱ्या वाटेने नेली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ साली साताऱ्यास त्यांनी वसतिगृह काढले, आणि त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. मुले स्वतः राबत, स्वतः रांधीत. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडावयास दिले ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. ती सांगताना आपण त्यागाने भारावून जातो आणि तिच्यातील व्यवहार विसरतो. मुलांचे शिक्षण त्या दिवशी मोडले असते ते शिक्षक नव्हते म्हणून नव्हे, पुस्तके नव्हती म्हणूनही नव्हे. दोन वेळचे पीठ नव्हते म्हणून.

आता पुन्हा आपल्या भागाकडे वळू. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह प्रवासास निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहणे हा त्या प्रवासातील आवर्जून ठरविलेला भाग होता. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी, धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. एवढ्यावरून गलका झाला, शिवीगाळ झाली, आणि शेवटी किल्ल्यात कोठेही पाण्यास शिवावयाचे नाही या अटीवर, सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. स्वतः बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. दौलताबाद ते वेरूळ हा रस्ता आज आपण अर्ध्या तासात काटतो. त्या रस्त्यावरील हे स्थान आपल्या यात्रेकरूंस कोणी दाखवीत नाही.

ज्या प्रदेशात हौदाचे पाणी नाकारले गेले त्याच प्रदेशात सोळा वर्षांनी त्यांनी महाविद्यालय काढले. परंतु त्या महाविद्यालयाची रचना समजून घ्यावयाची तर बाबासाहेबांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले, तेथून लंडनला गेले. आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले. विद्वत्ता तीच, चिकाटी तीच, विद्यापीठ तेच. केवळ पैशाची मुदत संपली. मुंबईस प्राध्यापकी करून केलेली शिल्लक, मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साह्य यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. मध्ये तीन वर्षे गेली. आंबेडकरांसारखा मनुष्य तीन वर्षांनी परत जातो. सामान्य विद्यार्थी एकदा सुटला म्हणजे सुटला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर, १९४२ साली, त्यांनी सरकारपुढे जी मागण्यांची यादी ठेवली तीत उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांचा आग्रह होता. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. प्रारंभीची तरतूद तीन लाख रुपयांची होती. पुढे ती अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यापर्यंत पोहोचली. आज आपल्या समाजाचा मुलगा जो शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो त्याचे मूळ या तीन लाखांत आहे.

जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. संस्थेचे पहिले महाविद्यालय मुंबईचे सिद्धार्थ, जून १९४६ मध्ये सुरू झाले. तेथील वर्ग सकाळी भरत. दिवसा कचेरीत कारकुनी करणाऱ्या तरुणास महाविद्यालय साधावे, म्हणून महाविद्यालयाने आपले घड्याळ बदलले. विद्यार्थ्याने नोकरी सोडावी अशी अट घातली नाही. ही बाब लहान दिसते. परंतु आजही आमच्या पाहण्यात अशी महाविद्यालये आहेत की, ज्यांच्या शिष्यवृत्ती विभागाची खिडकी नेमकी तासांच्या वेळीच उघडी असते.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. संस्थानात अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी एक कोटी रुपयांचा निधी आधीच ठेवण्यात आलेला होता. त्यातून कर्जाऊ रक्कम घेऊन जून १९५० मध्ये औरंगाबादेस सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले, आणि मराठवाड्यातील तरुणास पदवीसाठी मुलूख सोडण्याची आवश्यकता प्रथमच उरली नाही. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसली. शहराच्या उत्तरेस, औरंगाबादच्या लेण्यांच्या डोंगराकडील मोकळ्या माळावर हे आवार वसले. पुढे महाविद्यालयास 'मिलिंद' आणि आवारास 'नागसेनवन' ही नावे मिळाली. मिलिंद हा शंका विचारणारा राजा, नागसेन हा उत्तरे देणारा भिक्षू. महाविद्यालयाला उत्तर देणाऱ्याचे नाव न देता प्रश्न विचारणाऱ्याचे द्यावे, ही कल्पना आम्हांस फार आवडते.

नागसेनवनाचे वैशिष्ट्य असे की, तेथे वसतिगृह ही मागाहून सुचलेली सोय नव्हती. परभणी, बीड, नांदेड, बुलढाणा अशा दूरच्या खेड्यांतून येणारा मुलगा शहरात खोली घेऊन राहू शकणार नाही, दलित मुलास तर घरमालक खोलीच देणार नाही, हे गृहीत धरूनच आवाराची आखणी झाली. वर्ग, ग्रंथालय, क्रीडांगण आणि निवास चालत जाण्याच्या अंतरावर. महाविद्यालय सर्व जातींस खुले होते, आणि सर्व जातींची गरीब मुले तेथे शिकली. प्राचार्य म. भि. चिटणीस हे सवर्ण समाजातून आलेले. सिद्धार्थमधून ते औरंगाबादेस आले आणि या मुलांमध्ये रमले. त्यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी १९५५ साली बाबासाहेबांपुढे सादर केले, आणि पुढील वर्षी धर्मांतराच्या प्रसंगी नागपुरास ते लोकसमुदायापुढे झाले. ज्याने गावच्या चावडीवर कधी मान वर केली नव्हती, अशा मुलास रंगमंचावर उभे करणे हीदेखील एक साह्यव्यवस्थाच होय. कोणत्याही अहवालाच्या तक्त्यात तिला रकाना नसतो. पुढे म. ना. वानखडे या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे तेथे मराठी शिकवू लागले, 'अस्मितादर्श' नियतकालिक निघाले, आणि दलित साहित्याच्या चळवळीतील एक मुख्य प्रवाह या माळावरून वाहू लागला. भाकरी, खोली, ग्रंथालय आणि मन लावून ऐकणारा शिक्षक या चार गोष्टी एका ठिकाणी आल्या म्हणजे एका पिढीत काय होऊ शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यास बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलित वस्त्यांतील घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या सोळा वर्षांत शिकणाऱ्या मुलांच्या मनावर काय गुदरले असेल याचा तक्ता कोणी मांडलेला नाही. ज्याचे गावचे घरच असुरक्षित, त्याला वसतिगृहाची खोली ही केवळ सोय नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विद्यार्थी-साह्याचे मोजमाप आज प्रायः तीन आकड्यांनी केले जाते. किती प्रवेश झाले, किती अर्ज मंजूर झाले, किती रक्कम वाटली. हे तिन्ही आकडे साह्य देणाराच्या बाजूचे आहेत. घेणाराच्या बाजूचे प्रश्न निराळे असतात. पहिल्या वर्षास बसलेल्या मुलांपैकी दुसऱ्या वर्षी किती उरले? जे गेले ते कोणत्या महिन्यात गेले? रक्कम मंजूर कधी झाली आणि हाती कधी पडली? वसतिगृहाची यादी लागण्यापूर्वीचे आठवडे मुलाने कोठे काढले? बाबासाहेबांचे १९१७ साल ज्याने नीट वाचले त्यास कळेल की, साह्याची एकूण रक्कम जितकी महत्त्वाची तितकीच तिची वेळ महत्त्वाची. चैत्रात आलेल्या पावसाचा शेतकऱ्यास जो उपयोग, तोच परीक्षेनंतर आलेल्या शिष्यवृत्तीचा विद्यार्थ्यास.

वेरूळच्या मुलाचे उदाहरण घेऊन पाहावे. वेरूळ ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे तीस किलोमीटरचे. वाटेत दौलताबादचा घाट. एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यास ६६.६७ टक्के सवलत असते. खेड्यातील मुलींस तर अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने चालणाऱ्या योजनेत बारावीपर्यंत प्रवास विनामूल्य आहे. म्हणजे मुलगी बारावी होऊन महाविद्यालयाची पायरी चढते आणि नेमके तेव्हा हे साह्य सरते! २०२४-२५ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांत, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींचे शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय मोठा आहे, स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क माफ झालेल्या मुलीच्या बापास शहरातील खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे माफ होत नाहीत. आणि रोज साठ किलोमीटर जाऊन-येऊन प्रयोगशाळेचे तास सांभाळणाऱ्या मुलीस अभ्यासाला रात्रच उरते.

खोली आणि खाणावळ यांचा विचार सरकारने केलाच नाही असे नाही. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांस शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. त्याच धर्तीवर इतर मागासवर्गासाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आधार योजना निघाली. तिची प्रारंभीची मर्यादा जिल्ह्यास ६०० विद्यार्थी अशी होती. जिल्ह्यातील इतर मागासवर्गाच्या सर्व जाती मिळून सहाशे! त्यात आपल्या ज्ञातीचे किती, हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारीत नाही. कारण तो विचारला की प्रत्येक ज्ञाती आपापले ताट पुढे करते आणि ताटांची एकूण संख्या वाढवावी ही मागणी मागे पडते. शाहू महाराजांच्या वेळी ज्ञातिवार वसतिगृहे आवश्यक होती. आजच्या काळी ज्ञातिसंस्थेने वसतिगृह काढलेच तर त्यात इतर बलुतेदार समाजांच्या, आणि दलित व भटक्या समाजांच्याही मुलांस काही जागा असाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. केवळ आपल्याच आडनावांच्या मुलांत चार वर्षे राहिलेला मुलगा शहरात राहूनही गावातच राहतो.

ज्ञातिसंस्थांचा सार्वत्रिक प्रघात गुणगौरवाचा आहे. दहावी-बारावीत ज्यांस ऐंशी-नव्वद टक्के गुण मिळाले त्यांस व्यासपीठावर बोलावून शाल, स्मृतिचिन्ह व पाकीट द्यावयाचे, छायाचित्र घ्यावयाचे. आम्ही या समारंभांच्या विरुद्ध नाही. मुलांच्या आईबापांच्या डोळ्यांतील पाणी आम्हीही पाहिले आहे. परंतु ज्यास नव्वद टक्के मिळाले त्याची वाट बहुधा सुकर असते. पंचावन्न टक्के मिळवून, मराठी माध्यमातून येऊन, पहिल्या सत्रात इंग्रजी व्याख्यान न समजल्यामुळे शेवटच्या बाकावर बसणारा, नोव्हेंबरमध्ये खोलीचे भाडे थकल्यावर 'दिवाळीस गावी जातो' म्हणून सांगून जो परत येत नाही, तो मुलगा कोणत्याही समारंभात दिसत नाही. गुणगौरवास किती खर्च येतो याचा हिशेब संस्थांच्या ताळेबंदात असतो. या मुलाची नोंद कोठेच नसते.

ही नोंद ठेवण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयात समाजाचा एखादा प्राध्यापक, कर्मचारी किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी असतोच. पहिल्या वर्षास आलेल्या मुलांची नावे त्याने जुलैत एका वहीत लिहावी. ऑगस्टअखेर, नोव्हेंबरात दिवाळीनंतर, आणि फेब्रुवारीत अशा तीन वेळा त्याच नावांपुढे मुलगा येतो की नाही एवढे लिहावे. येत नसेल तर त्याच आठवड्यात त्याच्या घरी माणूस जावा. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याची तारीख आणि पैसे खात्यात पडल्याची तारीख हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवावेत. तीन वर्षांच्या अशा वह्या हाती आल्या म्हणजे समाजकल्याण आणि बहुजन कल्याण विभागांपुढे जाऊन बोलताना संस्थेच्या शब्दास वजन येईल. आज आपण निवेदने देतो, त्यांत विशेषणे असतात, तारखा नसतात.

दुसरे काम फिरत्या निधीचे. शिष्यवृत्ती येईपर्यंत मुलाच्या खोलीचे व जेवणाचे पैसे संस्थेने उसने द्यावेत, शिष्यवृत्ती आल्यावर ते परत घ्यावेत, आणि पुढील मुलास द्यावेत. दान म्हणून दिलेली रक्कम एकदाच उपयोगी पडते. अशी फिरलेली रक्कम वर्षानुवर्षे उपयोगी पडू शकते, आणि घेणाऱ्याची मानही ताठ राहते. परतफेड न झाल्यास काय, ही शंका घेतली जाईल. काही रक्कम बुडेल, हे धरूनच चालावे. गुणगौरवाच्या मंडपाचे भाडेही परत येत नसते.

पुढील शैक्षणिक वर्षासाठी संस्थेने मदतीचे अर्ज मागवावयाचे झाल्यास ते निकालानंतर न मागविता मे महिन्यातच मागवावेत, आणि छापील अर्जात गुणांच्या रकान्याच्या आधी तीन रकाने असावेत. विद्यार्थी कोठे राहणार, कोठे जेवणार, आणि पहिली शिष्यवृत्ती हाती येईपर्यंतचा खर्च कोण देणार.